‘मुघल-ए-आझम’चा शीशमहाल: आरशांच्या खोलीत दिवे आणि कॅमेरा कसे लपवले?

‘प्यार किया तो डरना क्या’ सुरू झालं की नजर आपोआप छताकडे जाते. नाचणारी अनारकली एकच, पण वर बघावं तर प्रत्येक भिंगात एक वेगळी अनारकली. बादशहा अकबर मान फिरवील तिकडे तीच दिसते. गाण्याचा सगळा अर्थ त्या छतात आहे: एका मुलीला गप्प करता येईल, तिच्या प्रतिबिंबांना कसं करणार?

आता हेच दृश्य कॅमेऱ्याच्या बाजूने बघू. भिंती, खांब, छत, सगळीकडे आरसे. अशा खोलीत कॅमेरा कुठे ठेवायचा? दिवे कुठे लावायचे? लाइटमन कुठे उभा राहणार? आरशाला सगळं दिसतं. हा प्रश्न कसा सुटला हे कळलं की हिंदी सिनेमातल्या कारागिरीबद्दल बरंच काही कळतं, म्हणून जरा सविस्तर.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून टाकू. हा सिनेमा इतिहास नाही, इतिहासाच्या कपड्यांतली कल्पना आहे. जहांगीरने, म्हणजे सलीमने, स्वतःच्या आठवणी लिहून ठेवल्या आहेत. त्यात अनारकली कुठेही नाही. १६११ मध्ये लाहोरला आलेला इंग्रज व्यापारी विल्यम फिंच याने डाळिंबाच्या दाण्यावरून नाव पडलेल्या एका स्त्रीची ऐकीव गोष्ट नोंदवली. लाहोरला एक मकबरा आहे, त्यावर १५९९ आणि १६१५ अशी दोन सालं निघतात. एवढ्या धाग्यावर पुढे सगळं विणलं गेलं. १९२२ मध्ये इम्तियाज अली ताज यांनी नाटक लिहिलं आणि सिनेमातली अनारकली मुख्यतः तिथून आली. सलीमने बापाविरुद्ध बंड केलं हे खरं, पण सिनेमात दिसते तशी समोरासमोरची मोठी लढाई बापलेकांत झालीच नाही.

खुद्द शीशमहालही अकबराच्या काळातला नाही. सेटसाठी नमुना कुठला घेतला याबद्दल दोन मतं आहेत: कुणी जयपूरजवळच्या आमेरच्या किल्ल्यातला म्हणतं, कुणी लाहोर किल्ल्यातला. आमेरचा महाल मिर्झाराजे जयसिंगांचा मानला जातो. हेच ते मिर्झाराजे, पुरंदरच्या तहामुळे आपल्याकडे शाळेतल्या मुलालाही माहीत असलेले. लाहोर किल्ल्यातला शीशमहाल शहाजहानच्या काळातला. अकबर वारला १६०५ मध्ये. थोडक्यात, नातवाच्या पिढीतली खोली आजोबांच्या दरबारात आणून ठेवली आहे. इतिहास म्हणून ही चूक, पण गोष्टीसाठी अगदी अचूक निवड. या गाण्याला दुसरी कुठलीही खोली चालली नसती.

सेट उभा राहिला अंधेरीच्या मोहन स्टुडिओत. कलादिग्दर्शन एम. के. सय्यद यांचं. लांबी १५० फूट, रुंदी ८० फूट, उंची ३५ फूट. रंगीत काच बेल्जियमहून मागवली, ती बसवायला फिरोजाबादचे कारागीर आले. काम दोन वर्षं चाललं आणि त्या एका सेटवर १५ लाख रुपये गेले असं सांगितलं जातं. पूर्ण सिनेमाचा सांगितला जाणारा खर्च दीड कोटी, त्याचा दहावा हिस्सा या एका खोलीचा. बाकीच्या वस्तूंसाठीही दिग्दर्शक के. आसिफ यांनी असेच देशभरातले हात गोळा केले होते. दागिने हैदराबादच्या सोनारांचे, शस्त्रं राजस्थानच्या लोहारांची, जोडे आग्र्याचे आणि मुकुट आपल्या कोल्हापूरच्या कारागिरांचे.

सेट तयार झाला आणि दिवे लावले, तेव्हा खरी अडचण दिसली. पडद्यावर महाल दिसेचना, दिसत होते नुसते पांढरे झगमगते ठिपके.

आरसा फिल्मला का झेपत नाही

भिंत, कापड, चेहरा यांवर पडलेला प्रकाश सगळ्या दिशांना विखुरतो. म्हणून चेहऱ्यावर कितीही मोठा दिवा मारला तरी कॅमेऱ्याकडे त्यातला थोडाच भाग येतो. आरसा विखुरत नाही. तो दिवाच उचलून कॅमेऱ्याच्या डोळ्यात ठेवतो. चेहरा आणि दिव्याचं प्रतिबिंब यांच्या तेजात हजारो पटींचा फरक पडतो. फिल्मला एवढा फरक पेलत नाही. चेहरा नीट यावा असं एक्स्पोजर (फिल्मवर पडू द्यायच्या प्रकाशाचं प्रमाण) ठेवलं तर आरसे जळून पांढरे होतात, आरसे सांभाळले तर चेहरा काळा पडतो.

त्यात भर म्हणजे हॅलेशन. फार तीव्र प्रकाश फिल्मच्या रासायनिक थरातून आरपार जातो, मागच्या पारदर्शक पट्टीवर आपटून परत फिरतो आणि ठिपक्याभोवती तेजाचं वर्तुळ उमटवतो. एक ठिपका असेल तर ते सुंदर दिसतं. हजारो ठिपके असतील तर वर्तुळं एकमेकांत मिसळतात आणि सगळ्या चित्रावर धुकं पसरतं.

मग दिवे कमी करायचे? तेही शक्य नव्हतं, कारण हे गाणं रंगीत होतं. बाकीचा सिनेमा बहुतांश कृष्णधवल, पण हे गाणं आणि शेवटाकडची काही रिळं टेक्निकलरमध्ये. १९५०च्या दशकातली ईस्टमन कंपनीची रंगीत निगेटिव्ह होती फक्त २५ एएसएची (एएसए म्हणजे फिल्म प्रकाशाला किती संवेदनशील आहे याचं माप). आजचे डिजिटल कॅमेरे सहज ८०० वर चालतात, म्हणजे तेव्हाच्या फिल्मला आजच्या ३२ पट प्रकाश लागायचा.

याचा हिशेब मांडून बघू. २५ एएसए, सेकंदाला २४ चौकटी, लेन्सचं तोंड एफ २.८ इतकं उघडं. यासाठी विषयावर साधारण ४०० फूट-कँडल, म्हणजे ४,३०० लक्स प्रकाश हवा. घरातल्या दिवाणखान्यात रात्री १०० ते २०० लक्स असतो. सेटचं क्षेत्रफळ १५० गुणिले ८०, म्हणजे १२,००० चौरस फूट. एक फूट-कँडल म्हणजे चौरस फुटाला एक ल्यूमेन प्रकाश, म्हणून सगळीकडे ४०० फूट-कँडल द्यायचे तर ४८ लाख ल्यूमेन लागतात. टंगस्टनचा दिवा एका वॅटला सुमारे २५ ल्यूमेन देतो. म्हणजे प्रकाशाचा एक थेंबही वाया गेला नाही असं धरलं तरी जवळपास २०० किलोवॅट. घरातले दोन किलोवॅटचे शंभर गिझर एका बंद शेडमध्ये एकाच वेळी चालू आहेत अशी कल्पना करा. प्रत्यक्षात बराच प्रकाश वाया जातोच, त्यामुळे खरा आकडा याहून मोठाच.

म्हणजे प्रकाश प्रचंड हवा, पण दिवा मात्र एकही दिसायला नको. हे जमणार नाही, नाद सोडा, असं परदेशी जाणकारांनी सांगितल्याची हकीकत प्रसिद्ध आहे.

मेण, कापड आणि कोन

कॅमेरामन आर. डी. माथूर आणि आसिफ यांनी काढलेला पहिला तोडगा ऐकायला उलटा वाटतो. आरसे चमकावेत म्हणून त्यांनी आरशांची चमक मारली. काचांवर मेणाचा पातळ हात फिरवला.

मेण नेमकं काय करतं? काचेच्या पुढच्या पृष्ठावरून जेमतेम ४ टक्के प्रकाश परततो, बाकीचा आत जाऊन मागच्या चंदेरी मुलाम्यावरून परततो. पुढच्या बाजूला मेण लावलं की प्रकाश आत जाताना एकदा विखुरतो आणि बाहेर येताना पुन्हा एकदा. म्हणून अगदी पातळ थरही दुप्पट काम करतो. दिव्याचं टोकदार प्रतिबिंब पसरट, मऊ होतं. तेवढाच प्रकाश मोठ्या जागेत वाटला गेल्यामुळे त्याचा तीव्रपणा उतरतो आणि फिल्मला तो पेलतो. रंगीत काचेचा रंगही दिसायला लागतो, कारण जळालेल्या पांढऱ्या ठिपक्यात रंग उरतच नाही.

पण मेणाचं प्रमाण चुकलं की खेळ बिघडतो. थर जाड झाला तर आरसा दुधी काचेसारखा आंधळा होतो आणि त्यात अनारकली दिसणारच नाही. सगळीकडे सारखाच लावला तर खोली मेलेली दिसते. म्हणजे जिथे दिव्याचं प्रतिबिंब कॅमेऱ्यात येतं तिथे मेण, जिथे नर्तकीचं येतं तिथे काच स्वच्छ, असा हिशेब ठेवावा लागतो. कॅमेरा हलला की हा हिशेब नव्याने. शिवाय पॅराफिन मेण ५० ते ६० अंशांना वितळतं. वर सांगितलेल्या गिझरांच्या उष्णतेत, दिव्याजवळच्या काचांवरचं मेण ओघळणारच. एका शॉटची प्रकाशयोजना लावायला आठ-आठ तास लागत, असं या सिनेमाबद्दल सांगतात. त्यात अतिशयोक्ती वाटत नाही.

आज याच कामासाठी डलिंग स्प्रे मिळतो. फवारा मारायचा, शूटिंग झालं की पुसून टाकायचा. तत्त्व तेच. लेन्सवर पोलरायझर लावून भागलं असतं का, असा प्रश्न फोटोग्राफी करणाऱ्यांच्या मनात येईल. नाही. पोलरायझर पाण्यावरची किंवा साध्या काचेवरची चमक कापतो. धातूवरून परतणाऱ्या प्रकाशावर त्याचा उपयोग जवळपास नाही आणि आरसा म्हणजे काचेआडचा धातूच.

दुसरा तोडगा कापडाचा. दिवा थेट सेटवर न मारता कापडाच्या पट्ट्यांवर मारायचा आणि तिथून परतलेला प्रकाश वापरायचा, म्हणजे बाउन्स. आता आरशात दिव्याचा बिंदू दिसत नाही, उजळलेली कापडाची पट्टी दिसते, आणि ती महालाच्या सजावटीत खपून जाते. किंमत मोजावी लागते ती प्रकाशाची. पांढरं कापडही प्रकाश सगळीकडे उधळतं, त्यामुळे नटापर्यंत मूळच्या प्रकाशाचा छोटा हिस्साच पोचतो. म्हणजे आणखी दिवे, आणखी उष्णता, पुन्हा मेणाची काळजी.

याच ठिकाणी ती ट्रकच्या हेडलाइटची गोष्ट येते. पाचशे ट्रकचे हेडलाइट आणि शंभर रिफ्लेक्टर वापरले असं सर्वत्र लिहिलेलं असतं. आकडा खरा मानून हिशेब केला तर पाचशे ट्रकचे हजार दिवे, प्रत्येकी सुमारे ४५ वॅट, एकूण ४५ किलोवॅट. गरज होती किमान दोनशे किलोवॅटची. म्हणजे नुसत्या हेडलाइटवर हा महाल उजळणं शक्य नव्हतं. मग त्यांचा उपयोग काय? हेडलाइटचा आतला आरसा वाटीसारखा असतो आणि तो प्रकाशाची अरुंद, सरळ शलाका फेकतो. आकार ताटलीएवढा, त्यामुळे खांबाआड किंवा कमानीमागे सहज लपतो. नेमका एक खांब, एक कोनाडा, छताचा एक तुकडा उचलून दाखवायचा तर स्टुडिओच्या अवाढव्य दिव्यापेक्षा तो जास्त कामाचा. पोटापुरता प्रकाश मोठ्या दिव्यांचा आणि नक्षी हेडलाइटची, अशी विभागणी तर्काला पटते.

राहिला कॅमेरा. सपाट आरशात कॅमेरा स्वतःला कधी दिसतो? आरसा त्याच्याकडे अगदी सरळ तोंड करून असेल तेव्हाच. आरसा थोडा कलता केला की परतणारा किरण दुप्पट कोनाने वळतो. कॅमेरा भिंतीपासून ४० फुटांवर आहे आणि आरसा ५ अंश कलता केला, तर किरण १० अंश वळेल आणि परत येईपर्यंत सुमारे ७ फूट बाजूला सरकेल. म्हणजे कॅमेरा आणि त्यामागचा माणूस दोघेही चौकटीबाहेर. भिंतीत हजारो सुटे तुकडे असण्याचा हा मोठा फायदा. एकच अखंड आरसा असता तर सगळी भिंत हलवावी लागली असती. इथे अडचणीचे तेवढेच तुकडे कलते करता येतात. जे करता येत नाहीत त्यांच्यासाठी कॅमेऱ्यावर काळं कापड.

एकीच्या शंभर कशा झाल्या

सपाट आरशांनी जडवलेल्या छतात शंभर अनारकली दिसत नाहीत. सपाट तुकडे एकाच पातळीत असतील तर सगळे मिळून एकच मोठं प्रतिबिंब दाखवतात, तुकड्यातुकड्यांत कापलेलं. प्रत्येक तुकड्यात पूर्ण आकृती हवी असेल तर तुकडा किंचित फुगीर, म्हणजे बहिर्वक्र पाहिजे. आमेरच्या शीशमहालात असेच फुगीर आरसे आहेत. एक मेणबत्ती लावली तर छतभर तारे चमकतात ते त्यामुळेच. मोटारीचा बाजूचा आरसा याच जातीचा: दिसतं लहान, पण दिसतं पूर्ण.

किती लहान? समजा आरशाच्या वक्रतेची त्रिज्या २ फूट आहे. नाभीय अंतर (फोकल लेंग्थ, ज्यावरून प्रतिबिंबाचा आकार ठरतो) त्याच्या निम्मं, १ फूट. नर्तकी २० फुटांवर, उंची सव्वापाच फूट. प्रतिबिंबाची उंची येते सव्वापाच भागिले २१, म्हणजे पाव फूट, तीन इंच. तीन इंचांची पूर्ण बाहुली, प्रत्येक आरशात एक, आणि जरा जरा वेगळ्या कोनातून. ती गिरकी घेते तेव्हा सगळ्या एकदम घेतात. आरसा जास्त फुगीर केला तर बाहुली मुंगीएवढी होईल, कमी फुगीर केला तर डोकं किंवा पाय कापले जातील.

या गाण्यातल्या लांबच्या, अवघड गिरक्या मधुबालाच्या नाहीत. नृत्यदिग्दर्शन लच्छू महाराजांचं, म्हणजे अस्सल कथक. मधुबालाला जन्मजात हृदयविकार होता. त्या गिरक्या लक्ष्मीनारायण या पुरुष नर्तकाने घेतल्या, चेहऱ्यावर मधुबालाचा मुखवटा चढवून. मुखवटा घडवला शिल्पकार बी. आर. खेडकर यांनी.

मुखवटा पडद्यावर कळत का नाही, याचंही गणित आहे. ३५ मिमी फिल्मवरची चौकट साधारण १६ मिमी उंच. नर्तक चौकटीची निम्मी उंची व्यापत असेल तर फिल्मवर तो ८ मिमी, आणि चेहरा त्याच्या साताठाव्या भागाएवढा, म्हणजे जेमतेम १ मिमी. एवढ्याशा जागेत गालाची ठेवण आणि भुवयांची रेषा बरोबर असली की डोळा फसतो. पण मुखवट्याची पापणी लवत नाही, ओठ हलत नाहीत. म्हणून तो फक्त लांबच्या आणि फिरत्या शॉटला चालतो. ओळ गाताना चेहरा मधुबालाचाच हवा. गाणं पुन्हा बघताना कट कुठे पडतो हे पाहा: गिरकी सुरू होण्याआधी आणि थांबल्यावर.

आवाजाचाही आरसा करावा लागला होता. कडव्यात आवाज महालात घुमल्यासारखा येतो. तसा घुमार कृत्रिमरीत्या देणारी यंत्रं हाताशी नव्हती, म्हणून संगीतकार नौशाद यांनी लताबाईंना स्टुडिओच्या बाथरूममध्ये उभं करून गाऊन घेतलं, असं सांगतात. कारण साधं आहे: गुळगुळीत फरशा आवाज शोषत नाहीत, परतवतात.

२००४चा रंग

१२ नोव्हेंबर २००४ रोजी हा सिनेमा पूर्ण रंगीत होऊन पुन्हा थिएटरांत आला. १९७ मिनिटं गुणिले ६० गुणिले २४, म्हणजे २,८३,६८० चौकटी. निगेटिव्ह आधी साफ करायची, चौकट चौकट स्कॅन करायची, ओरखडे आणि डाग काढायचे, मग रंग.

कृष्णधवल चित्रात रंगाची माहिती नसते, फक्त उजळपणाची असते. डोळ्याला हिरवा सर्वांत उजळ वाटतो, लाल त्याच्या निम्मा, निळा त्याहून कमी. उजळपणात त्यांचा वाटा सुमारे ५९, ३० आणि ११ टक्के. ० ते २५५ या मापावर भडक लाल घेतला तर त्याचा करडा होतो ७६. आणि १२९ मापाचा मध्यम हिरवा घेतला तर त्याचाही ७६. फिल्मवर दोन्ही सारखेच. ओढणी लाल होती की हिरवी, हे फिल्म सांगूच शकत नाही.

रंगवण्यासाठी वापरलेली संगणक प्रणाली मूळ करड्या छटेशी जुळणारेच रंग स्वीकारत होती. यामुळे गडद करड्यावर फिकट पिवळा चढवण्यासारखी ढोबळ चूक टळते. पण जुळणाऱ्या अनेक रंगांतला खरा कोणता, हे शेवटी माणसालाच ठरवावं लागतं. या सिनेमाचं भाग्य असं की शीशमहालाचं रीळ मुळातच रंगीत होतं. मधुबालाची त्वचा, दागिन्यांचं सोनं, दरबारी कापडांची रंगसंगती यांचा खरा पुरावा हातात होता.

तरीही फरक दिसतो आणि तो दिसणारच. खऱ्या रंगीत फिल्मवर चेहऱ्याचा रंग एक नसतो. उजेडाकडचा गाल पिवळसर, सावलीतला निळसर किंवा तांबूस, बाजूच्या लाल पडद्याची झाक कानशिलावर. मागाहून रंगवलेल्या चेहऱ्याला बहुतेक वेळा एकच रंग उजळ-गडद करून दिलेला असतो. पारदर्शक ओढणी तर सर्वांत कठीण, कारण तिच्यातून मागचा रंग डोकावतो आणि हलताना दर चौकटीला बदलतो. धूर, मोकळे केस, मोत्यांची झालर, इथेही कडा हुकतात.

हा फरक पाहायचा असेल तर रंगीत आवृत्ती लावा, शीशमहालाच्या आधीचा एखादा दरबाराचा प्रसंग बघा आणि लगेच गाणं बघा. चेहऱ्यापेक्षा सावल्यांकडे लक्ष ठेवा. शीशमहालातल्या सावल्यांमध्ये रंग आहे. बेल्जियमच्या काचेवरून, मेणातून गाळून आलेला तो प्रकाश आहे, आणि तो माथूर यांनी जागच्या जागी फिल्मवर घेतलेला आहे.